टंचाई शाखेचे मासे

सिंधु दहावीला शाळेत पहिली आली आणि शरणप्पा बिराजदारांनी गल्लीत पेढे वाटले. ही त्यांची पहिली चूक. नापास झालेल्या मुलाच्या बापाला लोक "होतं असं कधी कधी" म्हणून सोडून देतात. पहिल्या आलेल्या मुलीच्या बापाला कोणी सोडत नाही. पेढा तोंडात टाकायचा आणि तो विरघळायच्या आत विचारायचं, "मग आता पुढं काय?"

पुढं काय, हे शरणप्पांना माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते लातूरला जिल्ह्याच्या कचेरीत टंचाई शाखेत अव्वल कारकून होते. जिल्हा नवा कोरा होता. तो झाला तेव्हा गावाने गुलाल उधळला. मग कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले, फक्त पाऊस यायचा तेवढा राहिला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, जिल्हा नवा आहे, ढगांना अजून हद्द ठाऊक नसेल. दुसऱ्या वर्षी कोणी काही म्हणालं नाही आणि टंचाई शाखा उघडली. कुठल्या गावाला टँकर जाणार आणि किती खेपा करणार, हे शरणप्पांच्या टेबलावरून ठरायचं. निलंग्यापासून शिरूर अनंतपाळपर्यंतचे सरपंच त्यांना वाकून रामराम करायचे. असा माणूस स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाचं घाईगर्दीत ठरवील, हे शक्यच नव्हतं.

कोणतंही प्रकरण आलं की संबंधितांचे अभिप्राय मागवायचे, ही शरणप्पांची पद्धत होती. एका विहिरीतला गाळ काढावा की नाही यावर त्यांनी एकदा चार खात्यांचे अभिप्राय मागवले होते. ते येईपर्यंत विहीर आटली आणि गाळ वरूनच दिसू लागला. तेव्हा साहेबांनी त्यांच्या सावधपणाचं कौतुक केलं होतं.

पहिला अभिप्राय न मागता आला. शेजारचे निवृत्तीराव गायकवाड एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर भोंग्यावरून गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते घरात मीठ मागायचे तरी गल्लीला कळायचं.

"बिराजदार, डोळे झाकून जीवशास्त्र घ्या!" ते कुंपणावरून म्हणाले. "पोरगी डागदर झाली की आपल्या गल्लीला फुकट दवाखाना. माझं गुडघं लई दुखून राहिलंय."

दुसरा अभिप्राय उदगीरहून आला. शरणप्पांच्या बायकोचे, म्हणजे नीलम्मांचे भाऊ अण्णाराव यांचं तिथे कापडाचं दुकान होतं. ते म्हणाले, "भावजी, गणित बी घ्या, जीवशास्त्र बी घ्या. दुकानात सगळा माल ठेवावा. गिऱ्हाईक कोणतं येईल, सांगता येत न्हाई."

आणि तिसरा अभिप्राय मोहोळकर साहेबांचा. साहेब शाखेचे प्रमुख होते, शिवाय पुण्याचे होते. त्यामुळे त्यांच्या अभिप्रायाला दुप्पट वजन होतं. "शरणप्पा," ते म्हणाले, "गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंत तर पोरगी बुडेल. द्विलक्षी घ्या, द्विलक्षी! एक भाषा टाकायची, गणित टाकायचं, त्यांच्या जागी दोनशे गुणांचा एक धंदेशिक्षणाचा विषय. इलेक्ट्रॉनिक्स म्हणा, पीकशास्त्र म्हणा. गुणांचा नुसता पाऊस पडतो. माझ्या पुतण्याला पडला."

टंचाई शाखेत पावसाचं नाव कोणी इतक्या सहज काढत नसे. शरणप्पा भारावून गेले.

आता सिंधुबद्दल सांगायला हवं. प्रकरण तिचंच होतं, पण ते सगळ्यांच्या लक्षातून गेलं होतं. सिंधुला गणित आवडायचं. इतर पोरी चिंचा खातात तशी ती गणितं सोडवायची, म्हणजे येता-जाता, आणि कोणी नको म्हटलं तर लपून. निवृत्तीरावांनी भोंग्यावरून नांदेडची गाडी पुकारली की ती आणि तिकडून सुटलेली गाडी वाटेत कुठे भेटतील, हे ती भाकरी थापता थापता सांगायची. खरंखोटं बघायला कोणी गेलं नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "मला गणित..."

"हाव, हाव. तुझं बी बघू," शरणप्पा म्हणाले. "आधी सगळ्यांचं येऊ दे."

सगळ्यांचं आलं. शरणप्पांनी निर्णय जाहीर केला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि द्विलक्षीत इलेक्ट्रॉनिक्स. गणित बंद. म्हणजे निवृत्तीरावांची डॉक्टर कायम राहिली, साहेबांचा पाऊस कायम राहिला आणि प्रकरण निकाली निघालं. सिंधुने त्या दुपारी अर्धी भाकरी ताटात ठेवली. नीलम्मांनी ते पाहिलं. शरणप्पा वर्तमानपत्र वाचत होते.

निर्णय झाला तो गुरुवारी. दुसरा कोणी असता तर शुक्रवारी कॉलेजात जाऊन प्रवेश घेऊन मोकळा झाला असता. पण बिराजदारांच्या घरात शुभकार्य सोमवारीच होतं. सोमवार शिवाचा. सिंधुचं जावळ सोमवारी, घराचा पाया सोमवारी, खुद्द शरणप्पा नोकरीवर हजर झाले तेही सोमवारी, आणि त्यापायी त्यांची चार दिवसांची ज्येष्ठता गेली होती ती गेलीच. मठाच्या स्वामींनाही विचारलं. स्वामी म्हणाले, "सोमवारसारखा दिवस न्हाई."

सोमवारी विभूती लावून, इष्टलिंगाला नमस्कार करून, नारळ फोडून बापलेक कॉलेजात पोचले. कॉलेज गावाबाहेर होतं आणि जिल्ह्याइतकंच नवं होतं. खिडकीत व्यंकटराव नावाचे कारकून बसले होते.

"इलेक्ट्रॉनिक्स शनिवारी भरलं," व्यंकटराव म्हणाले.

"पीकशास्त्र?"

"ते शुक्रवारीच."

"मग काय हाय?"

"मत्स्यसंवर्धन हाय की. जागाच जागा हाय."

शरणप्पांनी कपाळावरची विभूती चाचपली. ती जागेवर होती.

"मत्स्य म्हणजे..."

"मासे."

"इथं? लातुरात?"

"आता ते मला इचारू नका," व्यंकटराव म्हणाले. "नवा जिल्हा म्हणून समदे विषय एकदम मंजूर होऊन आले. कोकणातली यादी इकडं आली म्हणतात. परत पाठवायची तर पुन्हा समद्यांचे अभिप्राय मागवावे लागतात."

हे शरणप्पांना लगेच पटलं. तरीही त्यांनी सांगून पाहिलं, की आम्ही लिंगायत, आमच्या घरात मासा सोडाच, माशाचं चित्रही नाही. व्यंकटरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "खायचं कुठं हाय साहेब, शिकायचं हाय. दोनशे मार्क हायत."

खरं तर तिथेच मागे फिरायला हवं होतं. पण द्विलक्षी साहेबांनी सांगितलेली, निर्णय जाहीर झालेला आणि नारळही फुटलेला. फुटलेल्या नारळाचं पुढे काय करायचं याबद्दल कुठलाच नियम नव्हता. शरणप्पांनी सही केली. गल्लीत त्यांनी सांगितलं, "सिंधुनं जलशास्त्र घेतलंय." निवृत्तीराव म्हणाले, "वा! खात्यातच लागेल पोरगी."

मत्स्यसंवर्धन शिकवायला मालवणकडचे परुळेकर सर होते. सज्जन माणूस. लातुरात आल्यापासून ते वर्गात पाऊस हा शब्द आला की थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसायचे. कॉलेजच्या आवारात त्यांनी एक तळं खोदून घेतलं होतं आणि त्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडली होती. ऑगस्ट उजाडला तरी पाऊस नाही म्हटल्यावर तळ्याचं डबकं झालं आणि डबक्याचा चिखल व्हायला लागला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तळ्याला पुरण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं, की प्रत्येक विद्यार्थ्याने थोडे थोडे मासे घरी न्यावेत, जगवावेत आणि तेच प्रात्यक्षिक समजावं.

सिंधु तेलाचा रिकामा डबा घेऊन घरी आली.

"अय्यो शिवा शिवा!" नीलम्मांनी डब्यात डोकावून पदर नाकाला लावला. "मीनु! आपल्या घरात मीनु!"

"अव्वा, अभ्यासाचे हायत."

"अभ्यासाचे असूं दे न्हाईतर खेळायचे. आधी बाहेर ठीव."

डबा अंगणात ठेवला. थोड्या वेळाने नीलम्मा पुन्हा बघायला गेल्या. ऊन मी म्हणत होतं. डब्यातले मासे तोंडं वर करून आ वासत होते. नीलम्मा तिथेच उभ्या राहिल्या. घरात मासा येणं हे पाप होतं, ते होऊन गेलं होतं. पण दारात आलेला जीव तहानेने मरणं हे त्याहून मोठं पाप होतं आणि ते अजून व्हायचं होतं. त्यांनी डबा उचलला आणि मोरीजवळच्या धुण्याच्या हौदात मासे ओतले.

इथून शरणप्पांची खरी कोंडी सुरू झाली. मांसाहारी माणसाला अशा वेळी शंभर वाटा असतात. बिराजदारांना एकही नव्हती. मासे खाता येत नव्हते, मारता येत नव्हते, मरू देता येत नव्हते. कोणाला देऊन टाकावेत तर तो खाणार. निवृत्तीराव तर रोज कुंपणावरून खुशाली विचारायचे. "कसं काय, वाढून राहिलेत ना? जड झाले तर आवाज द्या. आमच्या घरी मसाला वाटलेलाच असतोय!" नीलम्मा हौदावर फळी ओढून घ्यायच्या.

मासे वाढत होते. नीलम्मा त्यांना ज्वारीच्या पिठाचे गोळे घालायच्या. पहिल्या आठवड्यात चिमटीने, मग मुठीने. एकाच्या पाठीवर पांढरट पट्टा होता, त्याला त्या 'स्वामी' म्हणू लागल्या. वाढते मासे म्हणजे वाढतं पाणी. गल्लीत टँकर यायचा तो चार दिवसांनी, आणि घरटी घागरी मोजून मिळायच्या. टंचाई शाखेचा माणूस म्हणून शरणप्पा मुद्दाम रांगेत शेवटी उभे राहायचे, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. सिंधुने हिशेब केला. पिण्याचं तोडता येत नाही, स्वयंपाकाचं तोडता येत नाही. राहता राहिली अप्पांची आंघोळ.

शरणप्पा एका तांब्यात आंघोळ करू लागले. एका तांब्यात काय काय होतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. डोकं धुवावं तर खाली पोचत नाही. मग नीलम्मांना तोड सुचली. हौदातलं थोडं पाणी अधूनमधून बदलावं लागायचं. ते काढलेलं पाणी फेकून कशाला द्यायचं? त्याने अंग धुवावं आणि वरून चांगल्या पाण्याचा तांब्या घ्यावा.

त्यानंतरच्या सोमवारी शरणप्पा कचेरीत शिरले तेव्हा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि अंगाला माशांचा वास येत होता. शिपायाने दोनदा हुंगून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्याने खुर्ची सरकवली. दुपारी डबे उघडले तेव्हा चौघांनी शरणप्पांच्या डब्यात वाकून पाहिलं. त्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. "घरी उरकून आले वाटतं," कोणीतरी हळूच म्हणालं. आणि मोहोळकर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, दार लोटून, आपुलकीने विचारलं, "शरणप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय का?"

शरणप्पांच्या सात पिढ्यांनी कमावलेलं त्या दिवशी गेलं. त्यांना घरी येऊन रडावंसं वाटलं. पण तोंड धुवायला पाणी लागलं असतं म्हणून रडले नाहीत.

आणि मग निनावी अर्ज आला. 'टंचाई शाखेच्या कारकुनाच्या घरी हौद भरभरून मासे पोहत आहेत आणि जनता मात्र घागरी घेऊन उन्हात उभी आहे. चौकशी व्हावी.' पाण्याच्या तक्रारी ज्या टेबलावर यायच्या, त्याच टेबलावर तो आला, म्हणजे शरणप्पांच्या. दुसरा असता तर त्याने अर्ज खिशात घातला असता. शरणप्पांनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि 'स्थळपाहणी करून पंचनामा होणे उचित' असा स्वतःविरुद्धच शेरा मारून साहेबांपुढे ठेवला. नोकरी जाणार नव्हती कदाचित, पण नाव जाणार होतं.

पंचनाम्याला साहेब स्वतः आले. पंच म्हणून निवृत्तीराव उभे राहिले. गल्ली सगळी कुंपणावर. हौदावरची फळी काढली आणि स्वामी वर येऊन तोंड उघडून सगळ्यांकडे पाहू लागला.

"पाणी किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"अर्धा टँकर तरी असंल," कुंपणावरून कोणीतरी म्हणालं.

"दोन घागरी," निवृत्तीराव म्हणाले. ते शेजारधर्माला जागत होते.

साहेबांबरोबर आलेल्या दोन कनिष्ठ कारकुनांनी पट्टीने हौद मोजला. लांबी फुटांत घेतली, रुंदी इंचांत, खोली बोटांनी, आणि सगळ्याचा गुणाकार केला. जे उत्तर आलं त्यावरून हौदात गावच्या तलावापेक्षा जास्त पाणी होतं. साहेब उत्तराकडे बघत राहिले. हौदाचा तळ मोरीकडे उतरता होता, एका बाजूला गुडघाभर आणि दुसऱ्या बाजूला वीतभर. खोली कुठली धरायची यावर दोन्ही कारकुनांत वाद सुरू झाला. शरणप्पाही त्यात पडले आणि त्यांच्या हिशेबाने पाणी आणखीच वाढलं.

"अप्पा, सरका जरा," सिंधु म्हणाली.

तिने चुलीतला कोळसा आणला. हौदाच्या भिंतीवर दोन रेघा मारल्या, दोन्हीकडची खोली घेतली, तिची सरासरी काढली, घागरीचं माप शेजारी मांडलं. नुसता कोळसा चालत होता. शरणप्पा आपल्या मुलीचं तोंड बघत होते. हे असं तोंड त्यांनी जूनपासून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नव्हतं हेसुद्धा त्यांना आत्ता कळत होतं.

"साडेसात घागरी," ती म्हणाली.

"आठ ओतल्यात मी," नीलम्मा दारातून म्हणाल्या. "अर्धी उन्हानं पिली."

कुंपणावरून हसू आलं. साहेबांनी विचारलं, "पण या साडेसात आल्या कुठून?"

सिंधुने तेही मांडलं. घराच्या वाट्याला किती येतं, पिण्याला किती, स्वयंपाकाला किती. मग ती म्हणाली, "आन् अप्पा एका तांब्यात आंघोळ करतात. बाकी अंग माशांच्या पाण्यानं धुतात. त्यांचं राहिलेलं सगळं पाणी हौदात हाय."

कुंपणावरची सगळी तोंडं शरणप्पांकडे वळली. शरणप्पांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी घसा खाकरून मजकूर सांगितला, "लिहा. सदर इसम एका तांब्यात आंघोळ करीत असल्याचे पंचांसमक्ष निष्पन्न झाले. अंगास येणाऱ्या वासाचा आहाराशी संबंध आढळून आला नाही." निवृत्तीरावांनी भोंग्याच्या आवाजात ते गल्लीला वाचून दाखवलं आणि खाली सही केली.

साहेब निघता निघता कोळशाच्या आकड्यांपाशी थांबले. "काय डोकं आहे पोरीचं! गणितात पुढं जाशील बघ तू."

"गणित सोडलंय साहेब," सिंधु म्हणाली.

"सोडलंस? कोणत्या गाढवानं सांगितलं?"

सिंधुने साहेबांकडे पाहिलं. मग अप्पांकडे. मग ती माशांकडे बघू लागली. साहेबांना एकाएकी कचेरीत काम आठवलं आणि ते गेले.

गल्ली पांगली. शरणप्पा हौदाच्या कडेवर बसले. चार खात्यांचे अभिप्राय मागवणाऱ्या या माणसाला आता आठवलं, की कुठल्याही प्रकरणात सगळ्यात खाली, सगळ्यात पहिला कागद अर्जदाराचा असतो. तोच त्यांनी घेतला नव्हता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"सिंधु," ते म्हणाले, "तुला काय घ्यायचंय?"

सिंधुने हातातला कोळसा हौदाच्या कडेवर ठेवला. मग म्हणाली, "मला इचारून राहिलात का, अप्पा?" आणि तिथेच, कोळशाने माखलेल्या हातांनी तोंड झाकून ती रडली. शरणप्पांच्या डोळ्यांतही पाणी आलं, आणि या वेळी त्यांनी ते टंचाईचा विचार न करता येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, त्यातून अमावास्या. शरणप्पा कोणालाही न विचारता कॉलेजात गेले. व्यंकटरावांनी विषय बदलण्याचा अर्ज उलटापालटा करून पाहिला. "कारण काय लिवलंय हे? 'मुलीला गणित आवडते'? हे कारण होत न्हाई साहेब. आजारपण लिवा. बदली लिवा."

"आजारी कोणी न्हाई. बदली न्हाई."

"मग मी घेऊ कसा? आवड असं कारण आजपर्यंत कोणी दिलं न्हाई."

शरणप्पा खिडकीवर दोन्ही कोपर टेकून उभे राहिले. उभी हयात त्यांनी खिडकीच्या त्या बाजूला काढली होती, आत बसलेल्या माणसाला कशाची भीती असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "व्यंकटराव," ते म्हणाले, "आवड हे कारण चालणार न्हाई असा नियम दाखवा. न्हाईतर नियम न्हाई म्हणून लेखी द्या. दोन्हीतलं काय देता?"

व्यंकटरावांनी कपाट उघडलं, बंद केलं, छताकडे पाहिलं आणि अर्जावर शिक्का मारला. गणित मिळालं. परुळेकर सर तेवढे हळहळले. वर्गात सगळ्यात जास्त वाढलेले मासे सिंधुचेच होते. ते परत आणू का, असं शरणप्पांनी विचारलं. सरांनी खिडकीतून कोरड्या तळ्याकडे बोट दाखवलं. "कशात ठेवू, बिराजदार? आता ते तुमचेच."

घरी आल्यावर त्यांनी सिंधुला सांगितलं, "झालं." ती उठून आत गेली आणि जुनी पुस्तकं काढायला लागली. मग शरणप्पांनी सदरा काढून खुंटीला टांगला आणि मोठ्या थाटात नीलम्मांना हाक मारली. आज काम झालंय, म्हणाले, आज आंघोळीला एक पुरी बादली द्या.

नीलम्मांनी बादली भरून आणली. हौदापाशी थांबल्या. स्वामी वर आला होता.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमी उद्या करा." आणि त्यांनी बादली हौदात ओतली.